एका बोडार्कच्या कांबी

९ जानेवारी, रविवार

बोडार्क पडला.

शुक्रवारपासून बर्फाचा पाऊस लागला होता. फांदीफांदीवर अंगठ्याएवढा जाड काचेचा थर. आज चर्चला जायला गाडी बाहेर काढली, तर रस्त्याकडेचं बोडार्कचं झाड मुळांसकट आडवं, चरात तोंड खुपसून पडलेलं. धाकट्या बहिणीने, व्हर्डीने, काच खाली केली आणि म्हणाली, "ताई, संपला बघ तुझा बोडार्क. आता कुंपणाचे खांब होतील. नातवंडांच्या नातवंडांना पुरतील."

तिला वाटलं मी रडेन. मी गाडीतून उतरले आणि बुंध्याला मिठी मारून पाहिली. कवेत मावला नाही. खालच्या चौदा-पंधरा फुटांत एक फांदी नाही.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा तिसरं भजन चालू होतं. मी तोंड हलवत होते, मनात मात्र तो बुंधा. बाबा असते तर भजन अर्धं टाकून पळत सुटले असते.

१० जानेवारी, सोमवार

सकाळीच ड्यूई आला. हा रस्त्याच्या कामावर ग्रेडर, रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवतो. शाळेत होता तेव्हा माझ्या हातच्या बीन्स दोनदा मागून घ्यायचा, त्यामुळे माझ्याशी बोलताना अजून टोपी काढतो.

"ओपलमावशी, फांद्या आजच तोडून रस्ता मोकळा करतो. पण बुंधा चरात आहे. एक मार्चला चर खणायला यंत्र येणार. तोवर तुम्ही काढलात तर तुमचा. नाहीतर आम्ही करवतीने वीत-वीतभर तुकडे करून नेणार. हुकूम वरचा आहे."

"ट्रॅक्टरने ओढता येईल का?"

"या चिखलात? मग तो ट्रॅक्टर ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागेल."

"मग मी जागेवरच फोडते. कांबी काढते."

"कसल्या कांबी?"

"धनुष्याच्या."

ड्यूईने टोपी परत डोक्यावर घातली. मीही जरा दचकले, कारण बोलून होईपर्यंत मलाच माहीत नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर होऊन सात महिने झाले. सात महिन्यांत मी ठरवलेली ही पहिली गोष्ट.

१२ जानेवारी, बुधवार

शेडमध्ये बाबांच्या पाचरी सापडल्या. तीन. ठोकून ठोकून डोकी अळंबीसारखी पसरलेली. घणही सापडला. उचलला. उचलला म्हणजे गुडघ्यापर्यंत.

खरं लिहायचं तर भीती वाटते. अठ्ठावन्न वर्षांची बाई चिखलात उभी राहून लाकूड बडवणार, आणि येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघणार. बाबा धनुष्यांसाठी बोडार्क फोडायचे तेव्हा माझं काम ढलप्या गोळा करून चुलीत घालायचं. घण मुलींच्या हातात देत नसत. लाकूड फाटायचं त्याचा आवाज मात्र आठवतो. त्या आवाजासाठी मी हातातलं काम टाकून अंगणात पळायचे.

व्हर्डी म्हणते, रूफस बेअरपॉला विचार. टुल्साला तीस वर्षं विमानांच्या कारखान्यात होता, बायको गेल्यावर परत आलाय, ओढ्यापलीकडे एकटा राहतो आणि धनुष्यं करतो. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. मला त्याचे फक्त कान आठवतात. फार मोठे होते.

"म्हणजे बाईने काही करायचं म्हटलं की पुरुष बोलवायचाच का?" मी म्हटलं.

"पुरुष नको तर राहू दे," व्हर्डी म्हणाली, "पण त्याच्याकडे चार पाचरी आहेत."

१५ जानेवारी, शनिवार

रूफस आला. कान तेवढेच आहेत, डोकं मात्र आता त्यांच्या मापाचं झालंय.

आल्या आल्या बुंध्याच्या सालीवरून तळहात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला. मी बरोबर चालत राहिले, काय बघायचं ते न कळता. शेवटी म्हणाला, "वरच्या अर्ध्यात पीळ आहे. खालच्याचं सांगता येत नाही. साल कधी कधी खोटं बोलते."

"मग?"

"फोडल्याशिवाय कळणार नाही. घण कोण मारणार?"

"मी."

मी वाट बघत होते. आता म्हणेल, जमेल का. आता म्हणेल, पाठ धरेल. तो म्हणाला, "बरं."

नुसतं बरं! मला इतकं बरं वाटलं की मी त्याला जेवायला थांब म्हटलं. त्याआधी त्याने करवतीने बुंध्याचे सात-सात फुटांचे दोन ओंडके केले आणि टोकांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही रंग फासला. चर्चच्या दाराचा उरलेला निळा रंग होता. चरात दोन निळ्या तोंडाचे ओंडके. बाबांच्या पाचरींचे पसरलेले कान घासून काढायला तो घरी घेऊन गेला. "नाहीतर तुकडा उडून डोळ्यात जाईल," म्हणाला.

जेवणात व्हर्डीने पाठवलेले द्राक्षांचे डंपलिंग होते, रसात शिजवलेले पिठाचे गोळे. रूफसने तीन वाट्या खाल्ले. "कोणी केले?" विचारलं. मी सांगितलं, माझ्या बहिणीने. "फार छान," म्हणाला आणि बराच वेळ वाटीकडे बघत बसला.

हे मी लक्षात ठेवलंय.

२० जानेवारी, गुरुवार

आज फाटला! आज वरचा ओंडका फाटला!

नीट लिहिते. सकाळी नऊला सुरुवात. रूफसने टोकाच्या निळ्या रंगात एक बारीक तडा दाखवला, मधल्या गाभ्यातून जाणारा. "पाचर इथे. लाकडाला जिथे फाटायचंच आहे तिथे मदत करायची. दुसरीकडे मारत बसलीस तर ते तुझ्यापेक्षा हट्टी आहे." पहिली पाचर दोनदा उसळून बाहेर आली, लाकूड गोठलं होतं. तिसऱ्यांदा रुतली. मग मी मारत सुटले. घण आता गुडघ्याच्या बराच वर जातो. रूफसने विचारलं, "कुठे शिकलीस?" म्हटलं, "सत्तावीस वर्षं चारशे पोरांच्या बीन्स ढवळल्यात. खांदे तेव्हाच तयार झाले."

एकदा त्याने हात वर करून मला थांबवलं. "काही बोलला का?"

"कोण?"

"ओंडका. मोठा आवाज यायच्या आधी बारीक बोलतो. मला ऐकू येत नाही. कारखान्यात उजवा कान गेला, डावा अर्धा आहे. दहा वर्षं झाली तो आवाज ऐकून. तू सांग मला."

मी कान लावला. खरंच! आत कोणीतरी मक्याचे दाणे भाजत होतं. टिक. टिक टिक. मी ओरडले, "बोलतोय! बोलतोय!" तो म्हणाला, "मग मार!" मी मारला, आणि मग तो आवाज आला. बाबांच्या अंगणातला. टोकापासून टोकापर्यंत चर्र करत, सात फूट, आणि ओंडका दोन्हीकडे उलगडला. आत पिवळा. शाळेच्या बसइतका पिवळा. मध्ये दोन्ही अर्ध्यांना धरून ठेवणारे धागे होते, ते रूफसने कुऱ्हाडीने सपासप तोडले. वास कसला होता ते लिहिता येत नाही. मी चिखलात उभी राहून हसत होते. थांबताच येईना. रूफसही हसला. तो हसला की ते कान हलतात.

पीळ होता, त्याने सांगितलं तसा. आठ तुकडे केले; एका टोकाला आभाळाकडे बघणारा तुकडा दुसऱ्या टोकाला ओढ्याकडे बघत होता. धनुष्याला फक्त दोन चालतील. बाकीचे खांब. वाईट वाटायला हवं होतं. मी विसरूनच गेले.

हात पिवळे झालेत. साबणाने रंग निघत नाही. रूफसचेही.

२२ जानेवारी, शनिवार

आता मला सगळं कळलं.

रूफसचं व्हर्डीवर मन बसलंय. पुरावे: (एक) डंपलिंग. (दोन) आज इस्त्रीचा शर्ट घालून आला. लाकूड फोडायला इस्त्री! आणि आज व्हर्डी येणार हे त्याला मीच परवा सांगितलं होतं. (तीन) त्याने विचारलं, "चर्चला तुम्ही दोघी एकाच गाडीतून जाता का? नेहमीच?" म्हणजे व्हर्डी कधी एकटी असते हे त्याला हवंय.

व्हर्डीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तिला हसायला आवडतं. रूफस कमी बोलतो, पण जे बोलतो ते मागाहून घरी आल्यावर आठवत राहतं. जोडी बरी आहे. मला आनंद झाला. संध्याकाळी जरा डोकं दुखलं, पण ते वाऱ्याने.

२७ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात जाऊन आले. आठवडाभर छातीत धडधडतंय, भूक नाही, पहाटे चारला टक्क जाग येते. क्लिफर्डला असंच झालं होतं, शेवटच्या वर्षी. तेव्हा त्याने दुर्लक्ष केलं, आणि बघता बघता मी विधवा झाले. अकरा वर्षं झाली. म्हटलं, आपण मूर्खपणा करायचा नाही.

नर्सने तारा लावून कागद काढला. "ओपलमावशी, हृदय एकदम ठणठणीत आहे. धडधड कधी होते?"

"लाकूड फोडताना."

"ते होणारच."

"नाही, म्हणजे फोडायच्या आधी. फाटकाशी गाडी वळते ना, तेव्हा."

"कोणाची गाडी?"

"मदतीला एक जण येतो त्याची."

तिने कागदाची घडी केली. मग म्हणाली, "याला गोळी नसते, मावशी." खोकला आला तिला. खोकताना चेहरा लाल झाला होता. नर्सलाच काहीतरी झालंय असं वाटतं.

असो. हृदय ठणठणीत.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आठवडाभर त्या दोन कांबींवर काम. आधी साल, मग दोन मुठींची सुरी ओढत सालीखालचा पांढरा थर काढायचा, पिवळं लागेपर्यंत. धनुष्याच्या पाठीला झाडाच्या वयाचं एकच वर्ष, म्हणजे एकच वलय, टोकापासून टोकापर्यंत सलग राहिलं पाहिजे. मध्ये सुरी खाली घसरली की दुसऱ्या वर्षात गेली, आणि तिथेच एक दिवस धनुष्य मोडणार. रूफस बोट ठेवून दाखवतो: "हे वर्ष. यातच राहा."

तीन तास मी एका वर्षात राहिले. किती वर्षं अशी झाली असतील की त्यांत मी तीन मिनिटंही नव्हते.

मोठा ओंडका अजून हात न लावता पडलाय. रूफस म्हणतो, तो दोन फूट जाडीचा आहे, आधी हात तयार होऊ दे. मी रोज त्याच्याजवळ जाऊन येते. साल सरळ दिसते. पण साल खोटं बोलते.

८ फेब्रुवारी, मंगळवार

किती दिवस हा माणूस नुसत्या इस्त्र्या करत राहणार? आज मीच पाऊल उचललं. म्हटलं, "रूफस, व्हर्डीने तुला गुरुवारी जेवायला बोलावलंय." (व्हर्डीला नंतर सांगितलं.)

"तूही येणार ना?"

"माझी चर्चच्या बायकांची मीटिंग आहे."

मीटिंग नाही. बिचारा जरा गोंधळला. लाजाळू आहे.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी व्हर्डीला गाठलं. "कसं झालं?"

"खाल्लं. चार वाट्या डंपलिंग."

"आणि बोलला काय?"

"बोलला ना. दोन तास बोलला. तुझा घण, तुझे खांदे, तुला ओंडक्यातला आवाज कसा ऐकू येतो. तू लाकडावर वाकून कान लावतेस तेव्हा केसांत ढलप्या अडकतात म्हणे."

"ते सोड. तुझ्याबद्दल काय बोलला?"

व्हर्डीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "ताई, तू खरंच एवढी बधीर आहेस, की सोंग करतेस?"

लाजली. मी विषय वाढवला नाही.

१४ फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी बिघडलं. काय ते कळत नाही.

रूफस सकाळी आला तो एक पुडकं घेऊन. न बोलता ओंडक्यावर ठेवलं. आत हिकरीच्या लाकडाचा नवा दांडा, घणासाठी, गुळगुळीत घासून तेल लावलेला. मुठीची जागा माझ्या हाताच्या मापाची. माझं माप त्याला कसं मिळालं कोण जाणे. म्हटलं, आता हा इतकं करतोय तर आपणही सरळ बोलावं.

मी म्हटलं, "रूफस, तू आडून आडून किती दिवस येणार? मला माहितीये तू कशासाठी येतोस."

तो उभाच राहिला. कान तांबडेलाल. "माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून. आणि मला तर आनंदच आहे. व्हर्डीही नाही म्हणणार नाही. मी तिच्याशी बोलून ठेवते हवं तर."

तो बराच वेळ चिखलाकडे बघत होता. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून डाव्या कानाशी जाऊन परत मोठ्याने सांगितलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. आपल्या चार पाचरी गोळा केल्या, एकेक करून बादलीत टाकल्या. "ओपल, मला वाटत होतं आपण दोघं मिळून ओंडका फोडतोय." आणि गेला.

दांडा ठेवून गेला.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस झाले. आला नाही. धडधड थांबली, भूक अजून नाही.

एवढं काय झालं? मी त्याच्या भल्याचंच बोलले. ठीक आहे. नाही तर नाही. बाबांच्या तीन पाचरी आहेत, दांडा आहे, मी आहे. अकरा दिवस उरलेत.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

मी मूर्ख आहे. तिन्ही पाचरी अडकल्या.

मोठ्या ओंडक्याच्या तोंडात गाभ्यातून जाणारा तडा काही दिसेना. रागात होते. जिथे हात गेला तिथे पहिली मारली. ती डोक्यापर्यंत आत गेली, फट मात्र केसभर. ती सोडवायला शेजारी दुसरी. दुसरी सोडवायला तिसरी. आता तीन लोखंडी बटणं लावल्यासारखा ओंडका माझ्याकडे बघतोय. बारीक आवाज नाही, मोठा आवाज नाही. मुका.

गाड्या हळू करून लोक बघत होते. एकाने हॉर्न वाजवला. मी घण खाली टाकला आणि चरात बसून रडले. लाकडासाठी कोणी रडतं का? मी रडले. क्लिफर्ड गेल्यावर लोक घरात होते, स्वयंपाक करायचा होता, तेव्हा एवढी सवड मिळाली नव्हती.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

व्हर्डी आली, ओंडका पाहिला, मला पाहिलं, आणि पाच मिनिटं सलग बोलली. आठवेल तेवढं लिहिते.

"त्याला मी नकोय, ताई! डंपलिंग आवडले म्हणून माणसाचं बाईवर मन बसतं का? मग अख्खं चर्च माझ्या मागे लागलं असतं! तो दोन तास माझ्या टेबलाशी बसून तुझ्याबद्दल बोलला. जाताना दारात उभं राहून विचारलं, 'ओंडका संपल्यावरही मी तिच्याकडे येत राहिलो तर तिला राग येईल का?' मी म्हटलं, तिलाच विचार. तो विचारायला आला, दांडा घेऊन, तर तू त्याला माझ्या गळ्यात बांधलंस. वर त्याच्या कानात ओरडून!"

मी पिठाच्या डब्यावर बसले. झाकण उघडं होतं.

"चर्चला आपण एकत्र जातो का, ते कशाला विचारलं मग?"

"तुला गाडीत घेऊन जायचं होतं म्हणून!"

"आणि इस्त्री?"

व्हर्डीने दोन्ही हात आभाळाकडे केले. मग हसायला लागली, मग मीही, आणि हसता हसता धडधड परत सुरू झाली. आता कळलं नर्स का खोकत होती. देवा. त्या नर्सने अजून कोणाकोणाला सांगितलं असेल?

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. कपडे तीनदा बदलले, शेवटी ओंडक्याचेच घातले.

तो घरामागे एकटाच नेम मारत होता. लांब मक्याच्या धाटांची मोळी रचलेली, एकेका बाणात किती धाटं ओवली जातात ते मोजायचा आपला खेळ. मी मागून गेले, उजवीकडून, म्हणजे त्याला कळलंच नाही. बाण सुटला. वळला तर मी.

सगळं पाठ करून आले होते. तोंडातून निघालं, "पाचरी अडकल्यात."

"किती?"

"तिन्ही."

"तिन्ही?" ओठ आवळले त्याने. "एका रांगेत?"

"एका रांगेत."

"बोलत होता का ओंडका?"

"नाही. मीच बोलत होते. जास्त."

त्याने धनुष्याची दोरी उतरवली. "हिकरीच्या लाकडी पाचरी कराव्या लागतील. बाजूने फोडत यायचं. मी करून देतो, उद्या व्हर्डीकडे ठेवीन, तू घेऊन जा."

"व्हर्डीकडे नको."

"मग कुठे?"

"माझ्याकडे. तू घेऊन ये." आणि मग सगळं एकदम बाहेर पडलं, गुळगुळीत केलेलं काही नाही. "रूफस, मी फाटकाशी गाडी वळताना ऐकते. बाकी काही काम करत असले तरी ऐकते. त्यासाठी मी दवाखान्यात गेले होते. तारा लावून घेतल्या. मला वाटलं हृदय बंद पडतंय."

"मग?"

"ठणठणीत आहे."

तो हसला. कान हलले. "ओपल, तू पाचरींसाठी आलीस का?"

"नाही," मी म्हटलं.

हा एवढा एक शब्द बोलायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली. त्याने तो एकदाच ऐकला, मला परत ओरडावं लागलं नाही.

२८ फेब्रुवारी, सोमवार

लिहिताना बोटं वळत नाहीत. घणाने.

शनिवारी हिकरीच्या आठ लाकडी पाचरी झाल्या. काल देवाचा दिवस, म्हणून फक्त जाऊन बघून आलो (दोघं, चर्चमधून, त्याच्या गाडीतून, व्हर्डी मागच्या गाडीत एकटी मोठ्याने भजन म्हणत होती). आज उजाडताच चरात उतरलो. उद्या यंत्र येणार.

रूफसने ओंडक्याच्या कुशीत, सालीवर, एक बारीक रेघ शोधली. माझ्या तीन पाचरींनी निदान एवढं केलं होतं, आतून थोडं सैल केलं होतं. तिथे त्याची पहिली लोखंडी. हातभर पुढे दुसरी. दोन घण, एक त्याचा, एक माझा, आळीपाळीने. फट बोटभर झाली की त्यात लाकडी पाचर, मग लोखंडी सोडवून पुढे. दुपारी व्हर्डी बीन ब्रेड, म्हणजे बीन्स घातलेले मक्याचे उंडे, आणि कॉफी घेऊन आली, आम्ही उभ्यानेच खाल्लं. तोवर जेमतेम निम्मं झालं होतं. आणि लाकूड मुकंच.

तीन वाजता हात भरून आले. रूफस म्हणाला, "नाही झालं तर नाही झालं, ओपल."

"तू गप्प बस," मी म्हटलं, "तो बोलायला लागलाय."

बोलत होता. इतकं बारीक की मी ओंडक्यावर आडवी होऊन कान लावला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पलीकडच्या टोकाशी, टिक टिक. मी हाताने जागा दाखवत गेले, "इथे! आता इथे!" आणि रूफस न बघता, न ऐकता, मी बोट ठेवीन तिथे पाचर लावत गेला. शेवटचा घण माझा. तो म्हणाला, "तुझा." मी डोक्यावरून आणला.

चर्र नव्हतं हे. ढगात होतं तसं झालं. अख्खा ओंडका धडाडून उघडला, माझ्या तीन पाचरी टणटण करत चिखलात पडल्या. व्हर्डी किंचाळली. रूफस गुडघ्यावर बसला आणि पिवळ्या लाकडावर हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेला.

"सरळ," तो म्हणाला. "ओपल, सरळ आहे. दोरीसारखं सरळ आहे." आणि वर बघून विचारलं, "किती मोठा आवाज झाला? मला ऐकू आला! ऐकू आला मला!"

दोघंही चरात नाचलो. लिहून ठेवते, म्हणजे उद्या खोटं वाटायला नको: नाचलो.

मग अंधार पडायच्या आत अर्ध्याचे पाव, पावाचे तुकडे. सोळा व्हायला हव्या होत्या. पंधरा झाल्या, एक मी आनंदात वाकडी फोडून घालवली. तिघांनी एकेक करून शेडमध्ये वाहिल्या.

१ मार्च, मंगळवार

यंत्र आलं. ड्यूई करवत घेऊन उतरला. चरात ढलप्यांचा गालिचा आणि पावलांचे ठसे. ठसे सरळ चालणाऱ्या माणसांचे नव्हते.

"मावशी, इथे काय झालं?"

"कांबी काढल्या."

त्याने टोपी काढली. रूफसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाला आणि लगबगीने यंत्राकडे गेला.

दुपारी रूफसने कांबी शेडमध्ये रचल्या, मध्ये काठ्या घालून, हवा खेळेल अशा. सालीचं काम हळूहळू करू म्हणाला. मी विचारलं, "धनुष्याला कधी येतील?"

"दोन वर्षं तरी सुकल्या पाहिजेत."

"दोन वर्षं!"

"घाई केली तर तडकतात." तो कांबींकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "आणि मधून मधून उलटायला लागतात. महिन्यातून एकदा. नाहीतर वाकतात. माझ्याकडे नेऊन ठेवू का? तुला उगाच त्रास."

"इथेच राहू देत," मी म्हटलं. "तू ये उलटायला."

५ मार्च, शनिवार

सकाळी ओढ्याकाठी रानकांदे खुडायला गेलो. टोपलीभर निघाले. अंडी घालून केले, रूफसने भांडं पुसून खाल्लं. कोणी केले ते विचारलं नाही.

कांबी महिन्यातून एकदा उलटायच्या असतात. आज पाचवा दिवस. सहा वेळा उलटून झाल्या.